कपाळ आणि कात्री

माणसाच्या कपाळी काय लिहायचं ते ब्रह्मदेव ठरवतो म्हणतात. माझ्या बाबतीत त्याने मजकुरापेक्षा कागदाच्या आकाराचाच जास्त विचार केला असावा. हे भव्य कपाळ मला बाबांकडून आलं. त्यांचं ते ‘विद्वानाचं कपाळ’ म्हणून लोक कौतुक करीत. मुलीच्या जातीला ही सवलत नाही.

आम्ही एकलहऱ्याला वीजकेंद्राच्या वसाहतीत राहत होतो. 1979 ते 1981 या काळात तिथे 210 मेगावॉटचे तीन नवे संच सुरू झाले आणि त्याच सुमारास माझ्या डोक्यातही एक चक्र सुरू झालं. 1960 च्या ‘लव्ह इन शिमला’साठी दिग्दर्शक आर. के. नय्यर यांनी साधनाचं रुंद कपाळ ऑड्री हेपबर्नसारख्या झुलपांखाली झाकलं, ही मौलिक माहिती मावशीने पुरवली होती. ‘साधना कट’ आमच्या दारी वीस वर्षं उशिरा आला हे खरं, पण माझं कपाळ काही तोवर अरुंद झालं नव्हतं. मागे थराथरांचा स्टेप कट आणि पुढे झुलपं असा बेत ठरला. त्यासाठी नाशिकरोडला जाऊन पैसे कशाला मोजायचे? आईची शिवणाची कात्री घरात होतीच.

न्हाऊन आले, ओले केस कपाळावर ओढले, भुवयांवर नेम धरला आणि कात्री आडवी चालवली. तासाभराने केस वाळले ते अर्धा इंच वर चढले. शिवाय पुढच्या भोवऱ्याने मधोमध पडदा उघडून कपाळाचं जाहीर उद्घाटन केलं. आईने एकदा पाहिलं आणि “घरात उंदीर झालेत वाटतं,” एवढंच म्हणाली.

संध्याकाळी बाबा ड्यूटीवरून आले. मी रडून घेतलं होतं. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ पाहणी केली.

“माझ्या इस्टेटीला कुंपण घातलंस होय?”

“बाबा, हसू नका ना!”

“हसत नाही गं. धातू तापला की वाढतो, तसे केस भिजले की लांबतात. वाळल्यावर माप घ्यायचं. माप दोनदा, कात्री एकदा.”

सांगायचं तात्पर्य, तेव्हापासून माझी झुलपं त्याच नियमावर चालली आहेत. केस कोरडे घ्यायचे. टाळूपासून कपाळापर्यंत त्रिकोण पाडून बाकीचे क्लिपांनी मागे बांधायचे. कात्री उभी धरून टोकं टोकं टिपायची, आणि सुरुवातीला भुवईच्या खालीच थांबायचं. राहिलेलं कापता येतं, कापलेलं जोडता येत नाही. भोवऱ्याला वळण लावायचं तर ओला असतानाच कंगवा एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. वाळल्यावर तो नवऱ्यांप्रमाणे कुणाचं ऐकत नाही. रोज डोकं धुवायला नको, बेसिनवर नुसती झुलपं धुतली तरी चालतं. तेवढीही सवड नसेल तर चिमूटभर टाल्कम पावडर तेल शोषून घेते. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, तेव्हा तीन-चार आठवड्यांनी कात्री काढावीच लागते. मागच्या थरांना मात्र मी हात लावीत नाही. जे आपल्याला दिसत नाही ते दुसऱ्याच्या हवाली करावं.

बाबांना जाऊन आता सात वर्षं झाली. झुलपांना मेंदी लागते आहे. महिन्यातून एकदा मी आरशासमोर बसते, क्लिपा लावते, केस वर घेते आणि त्यांचं ते लांबरुंद कपाळ अख्खंच्या अख्खं समोर येतं. आत्ता विचारतील, “कुंपणाची दुरुस्ती का?”

माप मी दोनदा घेतेच. हल्ली तिसऱ्यांदाही घेते. एवढी घाई कुणाला आहे?