एमिलिया, तुला सोळावं लागायला हवं होतं

एमिलिया, तू कधी जन्मलीच नाहीस, हे मला ठाऊक आहे. रूटा सेपेटिस यांच्या ‘सॉल्ट टू द सी’ या २०१६ सालच्या कादंबरीत तू आहेस, बाहेर कुठे नाहीस. तरी पुस्तक मिटल्यापासून मी तुझं सुतक धरलं आहे.

पंधरा वर्षांची पोर तू. डोक्याला गुलाबी लोकरीची टोपी, पोटात बळजबरीनं लादलेलं मूल. १९४५च्या जानेवारीत पूर्व प्रशियातलं बर्फ तुडवत समुद्राकडे निघालीस. सोबत लिथुआनियाची जोआना, जखमी फ्लोरियन, जोड्यांवरून माणूस ओळखणारे चांभार आजोबा आणि कुणाचाच नसलेला एक चिमुरडा. वाटेत गोठलेली खाडी. जिला दिसत नव्हतं ती इन्ग्रिड सगळ्यांच्या आधी बर्फावर उतरली, आणि त्याच बर्फानं तिला गिळलं. तुम्ही उरलेले पुढे गेलात, कारण तिकडे जहाज उभं होतं.

जहाज मात्र खरं होतं. ‘विल्हेल्म गुस्टलॉफ’. सहलींसाठी बांधलेलं, दोनेक हजार माणसांच्या बेतानं. ३० जानेवारीला ते गिदिन्याहून सुटलं तेव्हा त्यात दहा हजारांवर जीव कोंबलेले असावेत. रात्री नऊच्या सुमारास सोव्हिएत पाणबुडीचे तीन पाणतीर लागले आणि तासाभरात ते तळाशी गेलं. नऊ हजारांवर माणसं गेली असं मानतात. त्यांत निम्म्याच्या आसपास मुलं. ‘टायटॅनिक’वर दीड हजार गेले, त्यांना जग अजून आठवतं. वाचलेल्यांनी सांगून ठेवलंय : मोठ्यांच्या मापाची जाकिटं लेकरांच्या अंगात, डोकं जड, म्हणून पाण्यावर नुसते पाय. हे लिहवत नाही. गाळवतही नाही.

बाल्टिकच्या त्या काळ्या पाण्यासाठी रडायला परवानगीच नव्हती. जहाज शत्रूचं, त्यावर तोफा होत्या, पाणबुड्यांचं शिक्षण घेणारी नौसैनिक पोरं होती. तीनच दिवसांपूर्वी ऑशविट्झची दारं उघडली होती. त्या राखेसमोर जर्मनांच्या बुडालेल्या जहाजाचं नाव काढायला जगाची जीभ रेटली नाही, हे मला कळतं. पण ते जाकिटातलं चार वर्षांचं पोर, त्यानं कुणाचा देश जिंकायला घेतला होता? आणि तू तर जर्मनही नव्हतीस, बाई. पोलिश असल्याचं लपवून चढलीस. जहाजावरच बाळंत झालीस. लेक जगली, तू तराफ्यावर गारठून गेलीस.

ल्वूवच्या प्राध्यापकाची तू मुलगी. तू सुखरूप राहावीस म्हणून बापानं तुला प्रशियात धाडलं. किती विचारानं केलं असेल त्यानं ते! तुझ्याच त्या पूर्व पोलंडातून १९४०पासून सोव्हिएतांनी लाखो माणसं मालगाड्यांत भरून सायबेरियाकडे नेली. भुकेनं, तापानं वाटेत किती मेली. जी तगली त्यांतली काही इराणमार्गे आमच्याकडे आली, आणि १९४३पासून कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत पाचेक हजार पोलिश माणसं राहिली, बहुतेक बायका आणि मुलं. त्यांना शाळा होती, चर्च होतं, नाटकं होती. तू बर्फावर चालत होतीस त्याच जानेवारीत तुझ्या वयाच्या, तुझ्याच मुलखातल्या मुली पंचगंगेच्या खोऱ्यात धडे पाठ करत होत्या.

त्यांनीही घरं गमावली, भावंडं पुरली. त्यांच्या वाटेला सोपी म्हणण्याची माझी छाती नाही. तरी पुस्तक मिटून बसले की बापाचा तो निर्णय मला फिरवावासा वाटतो. तुला त्या वर्गात बसवावंसं वाटतं. कोल्हापूरच्या उन्हाला वैतागलेली, गुलाबी टोपी ट्रंकेच्या तळाशी टाकून दिलेली, मैत्रिणीशी कशावरून तरी अबोला धरलेली, सोळावं लागलेली.