गुरूंच्या गुरूंचे देणे

डॉ. वसंत शंकर हुजूरबाजार यांना मी कधी पाहिले नाही. तरी संख्याशास्त्र शिकवण्यात माझे आयुष्य गेले, त्यामागे त्यांचे देणे आहे. सोलापुरात मला हा विषय शिकवणारे सर पुणे विद्यापीठात त्यांच्या हाताखाली शिकले होते. १९५३ साली तिथे संख्याशास्त्र विभाग सुरू झाला, तेव्हा त्याचे पहिले प्रमुख हुजूरबाजार सर. तो विभाग उभा राहिला नसता, तर माझ्या सरांना आणि पर्यायाने मला ही वाट सापडलीच नसती.

१९१९ साली कोल्हापुरात जन्मलेले हुजूरबाजार केंब्रिजला हॅरॉल्ड जेफ्रीज यांचे विद्यार्थी झाले. जेफ्रीज भूकंपांचेही अभ्यासक. पृथ्वीचा गाभा द्रवरूप आहे, असे त्यांनी १९२६ साली मांडले. पृथ्वी एकच आहे, ती नाण्यासारखी पुन्हा पुन्हा उडवून पाहता येत नाही. मग संभाव्यता म्हणजे नुसते ‘शंभरात किती वेळा’ कसे म्हणायचे? हाती असलेल्या पुराव्यावर एखादे विधान किती विश्वासार्ह ठरते, याचे ते माप आहे, अशी त्यांची भूमिका. १९३९च्या ‘थिअरी ऑफ प्रॉबॅबिलिटी’ या ग्रंथात ती सविस्तर आली. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांना ती मान्य नव्हती आणि दोघांचा वाद गाजला.

हुजूरबाजार जेफ्रीज यांचे शिष्य. तरीही १९४८ साली त्यांनी फिशर यांच्याच लाइकलीहूडच्या पद्धतीला, म्हणजे हाती आलेल्या निरीक्षणांशी सर्वाधिक जुळणारी किंमत शोधण्याच्या रीतीला, भक्कम आधार दिला. ती किंमत काढण्यासाठी जे समीकरण सोडवावे लागते, त्याला अनेक उत्तरे निघू शकतात. पण ठरावीक अटींखाली, नमुना वाढत जातो तसे खऱ्या किमतीकडे नेणारे उत्तर एकच उरते, हे त्यांनी सिद्ध केले. विचार कोणाच्या गोटातला आहे हे न पाहता तो कुठवर टिकतो हे तपासायचे, ही शिकवण आमच्या सरांनी तिथून आणली आणि आम्हाला दिली. १९७४ साली हुजूरबाजार सरांना पद्मभूषण मिळाले. आम्हाला मात्र त्याहून मोलाची वाटते ती ही दृष्टी.

पुराव्यावर विश्वास तोलण्याच्या जेफ्रीज यांच्या विचाराची किंमतही सोलापूरसारख्या अवर्षणप्रवण मुलखात चांगली कळते. हस्ताचा पाऊस पडेल की नाही, रब्बी ज्वारी आता पेरावी की थांबावे, हा प्रश्न इथल्या शेतकऱ्यापुढे दरवर्षी असतो. गेल्या अनेक वर्षांची सरासरी त्याला थोडी मदत करते. पण पेरायचे असते याच वर्षी, याच रानात. जमिनीतली ओल, आभाळ, मागचा अनुभव सारे जमेस धरून तो आपला अंदाज बांधतो आणि नवा पाऊस पडला की बदलतो. जेफ्रीज यांचा विचार मला इतका जवळचा वाटला, तो शेतकऱ्याच्या या शहाणपणामुळे.

हे ऋण फेडण्याचा मला एकच मार्ग दिसतो. विद्यार्थी ‘नक्की’ म्हणाला की मी त्याला विचारतो, कशावरून? आणि ‘सांगता येत नाही’ म्हणाला, तर विचारतो, मग आजच्या पुराव्यावर किती सांगता येते? हे दोन प्रश्न त्याने पुढच्या पिढीला विचारावेत, एवढीच माझी गुरुदक्षिणा.