आजीची मेमरी

सिस्टीम स्लो झाल्याची तक्रार आली की आमच्या हापिसात पहिला प्रश्न असतो, "आधी किती वेळ लागायचा?" आधीचा आकडा नसेल तर आत्ताचा आकडा फारसं काही सांगत नाही. माणसाच्या स्मरणशक्तीलाही हा नियम लागू पडतो, हे मला आजीमुळे कळलं.

आजी नरसीला राहते. नरसी नामदेव, जिल्हा हिंगोली. कयाधूकाठचं संत नामदेवांचं जन्मगाव. आजोबा गेल्यापासून, म्हणजे बारा-तेरा वर्षं, आजीला नैराश्याचा त्रास आहे. गोळ्या चालू, बरं वाटलं की बंद, पुन्हा चालू... असं चाललेलं. गेल्या वर्षी ती पैसे ठेवलेली जागा विसरायला लागली. एकच प्रश्न तीनदा विचारायची. काका म्हणाले, "वय झालं, चालायचंच." आत्या म्हणाली, "तिचं जुनंच दुखणं आहे, मनाचं." दोघांची कारणं वेगळी, पण निष्कर्ष एकच, दवाखान्यात न्यायची गरज नाही!

शेवटी नांदेडला एका मनोविकारतज्ज्ञ बाईंकडे नेलं. त्यांनी जे समजावलं ते असं. नैराश्यात लक्षच लागत नाही, त्यामुळे गोष्ट आठवणीत नीट उतरत नाही. आमच्या भाषेत, फाईल डिलीट झालेली नसते, सेव्हच झालेली नसते. बाहेरून मात्र ते डिमेन्शियासारखंच दिसतं. किलोह नावाच्या मनोविकारतज्ज्ञाने १९६१ साली यावर लेख लिहिला आणि 'स्यूडोडिमेन्शिया' हा शब्द रूढ झाला. नैराश्यातला माणूस बऱ्याचदा स्वतःच तक्रार करतो, "मला काही आठवत नाही" म्हणून सोडून देतो, आणि थोडी खूण दिली तर त्याला आठवतंही. अल्झायमरमध्ये बहुधा घरचेच तक्रार करतात आणि खुणेचा फारसा उपयोग होत नाही. पण हे नुसते अंदाज, निकाल नव्हे. कारण दोन्ही आजार एकत्रही असू शकतात. 'लॅन्सेट'च्या आयोगाने २०२४ साली डिमेन्शियाचा धोका वाढवणाऱ्या, पण टाळता किंवा कमी करता येण्यासारख्या १४ गोष्टी सांगितल्या, त्यात नैराश्य आहे, कमी ऐकू येणं आहे आणि उपचार न केलेली अधू दृष्टीसुद्धा आहे.

म्हणून बाईंनी आधी आम्हालाच तासभर विचारलं. कधीपासून? हळूहळू की एकदम? कोणतं काम पूर्वी जमायचं आणि आता जमत नाही? मग गोळ्यांची पिशवी टेबलावर रिकामी करायला लावली, कारण नैराश्याच्या काही जुन्या गोळ्या आणि झोपेच्या, ॲलर्जीच्या काही गोळ्याही स्मरणशक्ती मंद करतात. (आपल्या मनाने मात्र एकही बंद करायची नाही!) थायरॉईड, बी-१२, कानांची तपासणी, मेंदूचा स्कॅन. आणि मग प्रश्न.

"आजी, आज तारीख कोणती?"

"तारीख काय माहीत बाई... परतवारीला तीन दिवस राहिले."

आषाढीनंतर वद्य एकादशीला नरसीत परतवारीची मोठी यात्रा भरते. बाईंनी कॅलेंडर पाहिलं, बरोबर तीन दिवस! त्यांनी ते उत्तर चूक धरलं नाही. १९७५ साली अमेरिकेत तयार झालेल्या ३० गुणांच्या प्रसिद्ध चाचणीत १०० मधून ७ वजा करत जायचं असतं. कधी शाळेत न गेलेल्या आजीचं त्यात नापास होणं म्हणजे आजार नव्हे. म्हणूनच हरियाणातल्या बल्लभगडच्या निरक्षर वृद्धांसाठी तिचं हिंदी रूप बेतलं गेलं, ते १९९५ साली प्रसिद्ध झालं.

आजीला ३० पैकी १७ मिळाले. बी-१२ कमी, ऐकायला कमी, नैराश्य भरपूर. बाई म्हणाल्या, "आत्ता नाव द्यायचं नाही. आधी हे सगळं सुधारू, मग सहा महिन्यांनी पुन्हा मोजू."

गोळी बदलली, इंजेक्शनं झाली, कानाला यंत्र आलं. सहा महिन्यांनी २२. आजी पुन्हा शेजारणींबरोबर देवळात जाते. पण सांगितलेल्या तीन शब्दांपैकी तिला आपणहून एकच आठवला, खूण दिल्यावर आणखी एक. तिसरा नाहीच आला. त्यामुळे फाईल बंद झालेली नाही, दरवर्षी तपासणी आहे. आत्याला वाटतं आई बरी झाली. मला तो तिसरा शब्द अजून छळतो.

तुमच्या घरीही असं कोणी असेल तर या वीकेंडला एक काम करा. आज त्यांना काय काय जमतं ते तारीख घालून लिहून ठेवा. दुधाचा हिशोब, फोन लावणं, औषधं घेणं, नातवंडांची नावं. डॉक्टरांना याचा फार उपयोग होतो. आणि कुठून सुरुवात करावी कळत नसेल तर सरकारची टेलिमानस हेल्पलाईन आहे, १४४१६, मराठीतही बोलतात.

मी आजीची यादी केलीय. पहिली ओळ, 'परतवारी कधी ते अचूक सांगते.'