माटुंग्यात भेटलेला चिकटा

माटुंगा स्टेशनवर पूर्वेला उतरलो, की गजऱ्यांचा आणि कॉफीचा वास येतो. पाच उद्यानांच्या सावलीतून पुढे गेले, की कापूस तंत्रज्ञानाची केंद्रीय संशोधन संस्था लागते. आसपास कापसाचे शेत नाही. पण १९२४ पासून देशातल्या कापसाची पारख इथे होते.

तिथे रुईचा एक नमुना हातात घेतला, तो बोटांना चिकटला. शेतकरी बंधूंनो, हा आपल्या ओळखीचा चिकटा! मावा आणि पांढरी माशी सोंड खुपसून पानातला रस ओढतात आणि जादा साखर बाहेर टाकतात. ती फुटलेल्या बोंडांवर पडते, तिच्यावर काळी बुरशी चढते. अशी रुई गिरणीत रुळांना गुंडाळते, सूत तुटते आणि आपला भाव पडतो.

मला नोकरीची पहिली वर्षे आठवली. बोंडअळीसाठी एका शेतकऱ्याला मी पायरेथ्रॉइडच्या लागोपाठ फवारण्या सांगितल्या. ढालकिड्यासारखे मित्रकीटक मेले, पांढरी माशी उसळली. त्याची गाडी व्यापाऱ्याच्या दारातून परत आली. "साहेब, तुम्ही सांगितलं तसंच केलं," एवढेच तो बोलला.

म्हणून सांगतो, युरिया बेताने द्या. पिवळे चिकट सापळे लावा. कीड थोडी असतानाच ५ टक्के निंबोळी अर्क फवारा. फुटलेला कापूस वेळेवर वेचा. आणि पंप पाठीवर घेण्याआधी पान उलटून पाहा.