उजवीकडून डावीकडे

मी मेनूकार्ड उजवीकडून डावीकडे वाचतो. उर्दू लिपीशी माझा काडीचा संबंध नाही. पण किमती उजव्या बाजूला छापतात, त्याला मी तरी काय करणार? आधी आकडा बघायचा, तो सोसण्यासारखा असला तर डावीकडे नजर टाकून तो कशाचा आहे ते पाहायचं, आणि मग आपल्याला नेमकं तेच खायचं होतं असा चेहरा करायचा. बँकेत बत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही.

ही विद्या डोंबिवलीत खपून जाते. २०२३ च्या जूनमध्ये आम्ही उभयता लंडनला गेलो तेव्हा तिची परीक्षा झाली. लीड्सला भाच्याकडे पंधरा दिवस फुकट जेवलो होतो. परतताना लंडनमध्ये तीन दिवस आमचे आम्ही. तेव्हा पौंड शंभराच्या थोडासा वर होता, म्हणजे हिशेबाला सोपा: आकड्यापुढे दोन शून्यं दिली की काळजात कळ आलीच. दोघांच्या खाण्यापिण्याला दिवसाला चाळीस पौंड, असा ठराव मी विमानातच एकमताने मंजूर केला होता. एकमत माझं होतं. हिशेबाला छोटी वही घेतली होती.

लंडनकरांचा एक मोठेपणा मान्य केला पाहिजे. बहुतेक हॉटेलांच्या दाराशी मेनू लावलेला असतो. आत जाऊन बसायचं, पाणी प्यायचं, किमती बघायच्या आणि ‘अरेच्चा, गाडी चुकेल’ म्हणून उठायचं, हा आपल्याकडचा शिष्टाचार तिथं लागत नाही. पहिल्या संध्याकाळी कॉव्हेंट गार्डनच्या आसपास मी अशी अकरा दारं वाचली. सौ. एका कट्ट्यावर बसून होती. दर दारावरून परतताना मी ‘पुढे बघू’ म्हणायचो. जूनमध्ये तिथं नऊ वाजले तरी लख्ख उजेड असतो, त्यामुळे जेवायची वेळ झाल्यासारखं वाटतच नाही. अकराव्या दारानंतर मी पहिल्याच दाराकडे परतलो, तर तिथलं स्वयंपाकघर बंद! शेवटी किराणामालाच्या दुकानातून सँडविच, वेफर्स आणि बाटलीतलं पेय, असा तीन वस्तूंचा ठरावीक किमतीचा जोडसंच घेतला. त्याला तिकडे मील डील म्हणतात. पाव इतका गार, की आधी तो हातात धरून ऊब द्यावी लागली.

“स्वस्त पडलं नाही?” मी विचारलं.

“हो,” ही म्हणाली. बायकोचा नुसता ‘हो’ फार महाग असतो, हे मला इतक्या वर्षांनी कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी धाडस केलं. लेस्टर स्क्वेअरजवळच्या एका बऱ्या दिसणाऱ्या हॉटेलात शिरलो. पोऱ्याने अदबीने विचारलं, “पाणी स्टिल की स्पार्कलिंग?” स्टिल म्हणजे साधं, एवढं इंग्रजी मला येतं. साधं म्हणजे नळाचं नव्हे, हे बिलावर कळलं. दोन बाटल्या पाण्याचे साडेसातशे रुपये, आणि खाली साडेबारा टक्के सेवाआकार. संध्याकाळी भाचा फोनवर हसून हसून बेजार झाला. “मामा, ‘टॅप वॉटर’ म्हणायचं. जिथे दारूचा परवाना आहे तिथे ते मागितलं की फुकट द्यावंच लागतं, कायदा आहे. सेवाआकारही बहुधा ऐच्छिक असतो, नको म्हणता येतं. आणि असं करा ना, सरळ पबमध्ये जा!”

पबमध्ये? माझी पबबद्दलची कल्पना म्हणजे आपलं परमिट रूम: काळी काच, आत अंधार, आणि बाहेर पडताना समोरून हमखास येणारे बायकोचे मामा. तिथे हिला न्यायचं? पण ही कधीच चपला घालून उभी होती.

आत अंधार नव्हता. दोन आजीबाई मटार आणि मासे खात होत्या, एक बाबागाडी होती, टेबलाखाली एक कुत्रा झोपला होता. आम्ही कोपरा धरून बसलो. पंधरा मिनिटं कुणी फिरकलं नाही.

“त्यांना कळलं असेल,” ही हळूच म्हणाली, “तुम्ही कुठल्या बाजूने वाचता ते.”

मग कुत्र्याच्या मालकाने सांगितलं, की पबमध्ये आपणच काउंटरवर जाऊन सांगायचं, पैसेही तिथेच द्यायचे. उजव्या बाजूचा त्यातल्या त्यात नम्र आकडा ‘प्लाउमन्स लंच’चा होता, म्हणजे नांगरटीवरच्या शेतकऱ्याचं जेवण. आलं काय? पाव, चीजचा ठोकळा, लोणच्यातला कांदा. ही अन्नाकडे बघत राहिली. “अहो, ही तर भाकरी आणि कांदा!” पाव-चीज तिथला शेतकरी पूर्वापार खात आला हे खरं, पण हे नाव गाजवलं १९५० च्या दशकात चीज खपवणाऱ्या मंडळींनी. आपल्याकडे १९९५ साली सरकारने एक रुपयात झुणका-भाकर काढली होती. इथे तीच न्याहारी हजार-बाराशेला घेऊन मी खुशीत होतो. अर्धा पाइंट बिअर घेतली, २८४ मिलिलिटर, तीही धड गार नाही. हिने लिंबू सरबत समजून लेमोनेड मागवलं, तो निघाला आपला गोटी सोडा. पण ती मजेत होती. आजीबाईंकडे बघून हसली, कुत्र्याला थोपटलं.

तिसऱ्या रात्री ती म्हणाली, “आज मी ठरवणार.” स्ट्रँडवरच्या इंडिया क्लबचं नाव तिने भाच्याकडून लिहून घेतलं होतं. कृष्ण मेनन आणि इंडिया लीगच्या मंडळींनी १९५१ साली काढलेली संस्था. अरुंद जिना, पहिल्या मजल्यावर बार, दुसऱ्यावर खाणावळ, भिंतीवर गांधीजी. बसल्याबरोबर गावच्या एस.टी. स्टँडाजवळच्या जुन्या हॉटेलात आल्यासारखं वाटलं.

मेनू आला. मी सवयीने उजवीकडे वळलो, तर तिने आपला तळहात पसरून किमतींवर ठेवला.

“आता वाचा.”

“अगं, पण...”

“तीन दिवस भूक आहे का विचारताय. काय खायचंय, हे एकदाही नाही विचारलंत. मला नाही, आणि स्वतःलाही नाही.”

मी डावी बाजू वाचू लागलो. शप्पथ सांगतो, मला काही सुचेना. इडली आवडते की परवडते? मिसळ? कॉलेजात असताना मला काहीतरी फार आवडायचं, पण काय, ते आठवेना. वेटर पेन घेऊन उभा. माझ्या कपाळाला घाम. हिचा हात तसाच.

“मसाला डोसा दोन,” शेवटी तीच म्हणाली, “आणि यांना मिरचीची भजी. लग्नाआधी दादरला भेटायचो, तेव्हा एकट्याने दोन प्लेट खायचे.”

खाल्ली. दोन प्लेट. नळाचं पाणी चार ग्लास.

त्याच वर्षी १७ सप्टेंबरला इंडिया क्लब बंद झाला. भाच्याने कळवलं, तेव्हा ही बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “किती बिल झालं होतं हो?” मी वही काढली. त्या दिवशीचं पान कोरं. क्रेडिट कार्डाच्या कागदावर आकडा असणारच. तो कागद कपाटात आहे. कधी काढलाच तर उजव्या बाजूवर तळहात ठेवून वाचतो.