प्रश्नपत्रिकेच्या माथ्यावरील तीन ओळी

परीक्षेच्या दिवशीं प्रश्नपत्रिका हातीं पडली म्हणजे विद्यार्थ्याची दृष्टि एकदम पहिल्या प्रश्नावर जाते. त्या प्रश्नाच्या वर, बारीक अक्षरांत, ज्या दोनतीन ओळी छापलेल्या असतात त्यांकडे फारसें कोणी पाहत नाहीं. वर्षभर ज्या पुस्तकांशीं झुंज दिली त्यांत त्या ओळी नव्हत्या. मग ऐन घटकेस त्यांची काय मातबरी, असें त्यास वाटत असावें. मी चंद्रपूर जिल्ह्यांत (माझ्या वडिलांच्या तोंडीं तो अखेरपर्यंत चांदाच राहिला) एका महाविद्यालयांत गणित शिकवितों, आणि बी. एस्‌सी.च्या प्रथम वर्षाच्या परीक्षेस पर्यवेक्षक म्हणून पुष्कळदां उभा राहिलों आहें. हें वार्षिक वाचणाऱ्या विद्यार्थ्यांपैकीं कांहीं जण दोनचार वर्षांत त्याच बांकांवर येऊन बसतील. म्हणून त्या ओळींविषयीं त्यांच्याशीं व त्यांच्या पालकांशीं चार शब्द बोलावे, अशी इच्छा आहे.

नागपूर विद्यापीठाच्या बी. एस्‌सी. गणिताच्या साठ गुणांच्या पत्रिकेवर ज्या सूचना छापीत, त्यांचा अर्थ असा: पांचही प्रश्न सोडवावे; सर्व प्रश्नांस सारखे गुण आहेत; पहिल्या चार प्रश्नांस पर्याय आहे, तरी प्रश्न संपूर्ण सोडवावा किंवा त्याचा पर्याय संपूर्ण सोडवावा. चंद्रपूर व गडचिरोली हे दोन जिल्हे २०११ सालीं नव्या गोंडवाना विद्यापीठाकडे गेले. परंतु त्यापूर्वीं या रानांतून शिकून वर आलेले पुष्कळ पदवीधर अशाच सूचनांखालीं परीक्षा देऊन बाहेर पडले.

पहिल्या दोन ओळी कोणासही कळतात. तिसरी कळत नाहीं, आणि घात तेथेंच होतो. समजा, पहिल्या प्रश्नाचे ‘अ’ व ‘ब’ असे दोन भाग आहेत. त्यांखालीं ‘किंवा’ हा शब्द आहे. आणि त्याखालीं ‘क’ व ‘ड’ आहेत. विद्यार्थ्यास ‘अ’ मधील द मॉयव्हरचें प्रमेय मुखोद्गत आहे, आणि ‘ड’ मधील उदाहरण त्यानें कालच सोडविलें आहे. तो आनंदानें ‘अ’ आणि ‘ड’ लिहितो. परंतु ‘अ’ हा प्रश्नाचा भाग, ‘ड’ हा पर्यायाचा. दोन्ही उत्तरें निर्दोष असलीं तरी त्यांची बेरीज होत नाहीं. बारा गुणांपैकीं सहाच हातीं लागतात. चारही प्रश्नांत असेंच झालें तर अठ्ठेचाळिसांचे चोवीस होतात, आणि हें सारें गणिताची एकही चूक न करतां!

असें एका मुलीचें झालेलें मीं पाहिलें आहे. ती एटापल्लीकडील. घरीं माडिया बोली, दहावीपर्यंत शाळा मराठी, आणि अकरावीस विज्ञान घेतल्यापासून सर्व कांहीं इंग्रजी. म्हणजे ज्या भाषेंत ती ओळ छापलेली होती ती तिची तिसरी भाषा. लेखणी त्या ओळीपाशीं थबकली, पुढें गेली, पुन्हां मागें आली. तिनें वर पाहिलें. पत्रिकेंतील मजकुराचा अर्थ पर्यवेक्षकानें सांगूं नये, असा नियम आहे. तो योग्यच आहे. आज एकीस एका शब्दाचा अर्थ सांगितला, तर उद्यां दुसऱ्या दालनांत कोणी आपल्या पुतण्यास उत्तराचाही अर्थ सांगेल. मी गप्प राहिलों. निकालानंतर ती गुणपत्रक घेऊन आली तेव्हां तिनें एवढेंच विचारलें, “सर, माझें प्रमेय चुकलें का?” प्रमेय चुकलेलें नव्हतें.

हा नियम मुळांत अन्यायाचा आहे काय, याचा मीं विचार केला आहे. पत्रिका काढणारा एक सोपा भाग आणि एक कठीण भाग अशी जोडी बांधतो. दोन्ही जोड्यांतील सोपे भाग उचलण्याची मुभा दिली, तर ती पत्रिका त्यानें काढलेली राहत नाहीं. हें मला पटतें. परंतु ज्या सूचनेवर निम्मे गुण अवलंबून आहेत, ती मराठींतही छापावयास काय हरकत आहे? प्रश्न इंग्रजींत असोत. गणिताची चिन्हें कोणत्याही भाषेंत तींच. परीक्षा गणिताची आहे, ‘किंवा’ या अव्ययाची नव्हे.

याच्या उलट, ज्या नियमाविषयीं विद्यार्थी कुरकुरतात तोच त्यांचा खरा कैवारी आहे. उत्तरपत्रिकेंत कोठेंही नांव लिहूं नये, माथ्यावर ‘श्री’ काढूं नये, तपासनिसास विनवणी करूं नये, केवळ क्रमांक ठरलेल्या जागीं घालावा. एक पालक मला रागानें म्हणाले, “देवाचें नांव लिहिण्यासही बंदी?” त्यांस मीं म्हटलें, दादा, त्या बंदीमुळेंच तुमच्या मुलाचें आडनांव, गांव आणि जात त्या कागदावर दिसत नाहीं. ज्यास वशिला आहे त्यास नांव सांगतां येणें सोयीचें. ज्यास नाहीं, त्यास क्रमांकच बरा.

कोंकणांतील मुर्डी गांवचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ सालीं केंब्रिजच्या गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेंत बर्टविसल नांवाच्या इंग्रज विद्यार्थ्याच्या बरोबरीनें पहिले आले, तें उत्तरांच्या बळावर. गांव कोणतें हें तेथें कोणी मोजलें नाहीं. त्या परीक्षेंतही दोष होते. अनुक्रमाच्या हव्यासापायीं मुलें गणितापेक्षां परीक्षाच अधिक शिकत, आणि १९०९ नंतर गुणानुक्रमें यादी लावणें तेथें बंद झालें. नियम बदलतां येतात, एवढेंही त्यावरून दिसतें.

गैरप्रकारांविषयीं फार लिहीत नाहीं. गडचिरोली जिल्हा ज्या १९८२ सालीं वेगळा झाला, त्याच सालीं परीक्षांतील गैरप्रकारांविरुद्ध महाराष्ट्रांत कायदा झाला. खिडकीखालून चिठ्ठी पोंचविणाऱ्या काकामामांनीं तो ध्यानांत ठेवावा. बारावीच्या गणितास लॉगॅरिथमचीं कोष्टकें चालतात, गणकयंत्र चालत नाहीं. महाविद्यालयांत काय चालतें तें आधीं विचारून घ्यावें. कच्चें काम उत्तरपत्रिकेंतच करावें, पान फाडूं नये. चुकलेलें खोडावें, पण वाचतां येईल असें एका रेघेनें. उत्तर चुकलें तरी बरोबर आलेल्या पायऱ्यांस गुण मिळूं शकतात, आणि गिरबटून टाकलेली पायरी तपासनिसास दिसत नाहीं.

पालकांस मात्र एक आग्रहाचें सांगणें आहे. आपल्याकडे हिवाळी परीक्षा भाताच्या कापणीमळणींत येते, आणि उन्हाळी परीक्षा मोहाच्या हंगामांत. मोहाचीं फुलें पहाटे गळतात, उन्हें चढण्यापूर्वीं वेंचावीं लागतात. घरांतील एक जोडी हात कमी झाली तर त्या दिवसाची कमाई कमी होते, हें मी जाणतों. तथापि पेपर सुरू होऊन अर्धा तास उलटल्यावर बहुतेक केंद्रांत प्रवेश मिळत नाहीं, आणि रस्त्यांत बंद पडलेली बस ही सबब कोणी ऐकत नाहीं. शक्य असेल तर आदल्या संध्याकाळींच मुलास केंद्राच्या गांवीं नातलगांकडे पोंचवावें. त्या सात-आठ पहांटांची वेंचणी इतरांनीं वांटून घ्यावी.

अलीकडे मी सत्राच्या पहिल्याच तासास जुन्या पत्रिकेवरील त्या तीन ओळी फळ्यावर जशाच्या तशा इंग्रजींत लिहितों, खालीं मराठी अर्थ लिहितों, आणि माडिया बोलणारा कोणी वर्गांत असल्यास त्यास तो आपल्या बोलींत सर्वांस सांगावयास लावतों. मग ‘अ’ व ‘ड’ लिहिणाऱ्यास गुण किती, हें पहिलें उदाहरण घालतों. पहिल्या वर्षीं वर्गांतील निम्म्याहून अधिक मुलांनीं उत्तर दिलें, “बारा.”