दिवाडचीं खाजणें

गोमंतकांत जाणाऱ्या आपल्या मंडळींची वाट बहुधा ठरलेली असते. कुलदेवतेचें दर्शन, मंगेशी-शांतादुर्गेचा प्रसाद, एखादा समुद्रकिनारा, कीं लागलीच परतीची गाडी. जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीनें मांडवी ओलांडून दिवाड बेटावर उतरणारे यात्रेकरू थोडे. सप्तकोटेश्वराचें मूळ स्थान याच बेटावर होतें. पुढें देव नदीपलीकडे डिचोलींतील नार्वें येथें नेला गेला, व १६६८ सालीं शिवाजी महाराजांनीं तेथील देवालयाचा जीर्णोद्धार केला, हें वाचकांस ठाऊक असेलच. परंतु आज देवळाविषयीं लिहावयाचें नाहीं. धक्का सोडून रस्ता गांवाकडे निघाला कीं दोहों बाजूंस जी सखल, पाण्याची जमीन पसरलेली दिसते, तिच्याविषयीं चार शब्द सांगावयाचे आहेत. तिला तेथील लोक खाजण म्हणतात.

अमरकोशांत जलमय भूमीस अनूप व कच्छ अशीं नांवें आहेत. हल्लीं सरकारी कागदांत पाणथळ हा शब्द रूढ झाला आहे. खाजण हा शब्दही कांहीं कालचा नव्हे. कोकणच्या मौर्य घराण्यांतील अनिर्जितवर्मा राजाच्या बांदिवडें येथील ताम्रपटांत खज्जन भूमीचा उल्लेख येतो. म्हणजे सुमारें चवदाशें वर्षें ही विद्या या भूमींत नांदत आहे.

ती विद्या अशी. भरतीबरोबर समुद्राचें खारें पाणी मांडवींतून कोसच्या कोस आंत शिरतें, व त्या वेळीं हीं शेतें नदीच्या पातळीहून खालीं असतात. मध्यें असतो तो चिखल, पेंढा, बांबू व चिरे यांचा बांध. बांधास ठिकठिकाणीं दार असतें, तीच मानस. मानशीच्या फळ्या अशा बसविलेल्या असतात कीं भरतीचें पाणी बाहेरून रेटूं लागतांच त्या मिटतात, आणि ओहोटी लागली कीं आंतल्या पाण्याच्या दाबानें उघडतात. दाराच्या आंत पाणी सांठण्यास खोलगट जागा ठेवतात, तिला पोंय म्हणतात. पावसाच्या पहिल्या सरी जमिनींतील मीठ धुऊन काढतात. मग खारटपणा सोसणारें कोरगुट भात पेरतात. कापणीनंतर बेताबेतानें खारें पाणी आंत घेऊन तेथेंच मासळी व कोळंबी वाढूं देतात. बांधाबाहेरची तिवरांची रांग लाटांचा मारा झेलते. साऱ्या गोव्यांत अशीं खाजणें सुमारें १८,००० हेक्टर भरतात.

आतां प्रश्न असा कीं, या दारांतून पाणी किती घ्यावें व केव्हां घ्यावें? भात पिकविणारा म्हणतो, थेंबही नको. मासळी धरणारा म्हणतो, आणखी थोडें येऊं द्या. हा तंटा मिटविणारी संस्था म्हणजे गांवकरी. १५२६ सालीं आफोंसो मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्यानें गांवकऱ्यांच्या चालीरीति लिहून काढल्या; त्याअर्थीं ही व्यवस्था त्या राज्याच्याही आधींची ठरते. पुढें तिला कोमुनिदाद हें नांव पडलें. जमीन गांवाची, बांध गांवाचा, मानशीच्या मासळीची पावणी म्हणजे लिलावही गांवाचा. ज्यांच्या ताटांत तो भात पडावयाचा, त्यांचेंच लक्ष त्या दारावर असे.

१९६१ सालीं गोवा मुक्त झाला. १९६४ च्या कूळ कायद्यानें कसणारास संरक्षण मिळालें, व तें न्याय्यच होतें. १९७५ च्या नियमांनीं बांध राखण्याची सामायिक जबाबदारी कुळांच्या संघांवर आली. परंतु घरांतील मुलें शहरांत किंवा परदेशीं नोकरीस लागलीं. भातापेक्षां मासळीस भाव अधिक येऊं लागला. मग कोठें कोठें पावणी घेणारा मानस अवेळीं उघडी टाकूं लागला. खनिज वाहणाऱ्या बार्जांच्या लाटांनींही बांध खचविले. एकदां बांध फुटला कीं शेत खारें होतें, आणि कांहीं वर्षांत तेथें तिवर उगवतात. तिवरांसही कायद्याचें संरक्षण आहे! तेव्हां शेत परत मिळवूं म्हणणारा शेतकरी हात जोडून बांधावर उभा राहतो.

कायदे थोडे आहेत असें नव्हे. इराणांतील रामसर गांवीं १९७१ सालीं झालेल्या पाणथळांच्या करारांत आपला देश १९८२ सालीं सामील झाला. २०२२ सालीं कुडचडें येथील नंदा तळें त्या यादींत गेलें. २०१७ च्या नियमांनीं राज्याराज्यांत पाणथळांकरितां प्राधिकरण नेमण्याची सोय केली. परंतु त्यांतील व्याख्येंतून भातशेतें वगळलेलीं आहेत, आणि खाजण तर भातशेतच! २०११ च्या किनारपट्टीच्या अधिसूचनेंत मात्र गोव्याच्या खाजणांचा नांवानिशीं उल्लेख होऊन तेथें विकासकामांस मनाई केली गेली.

मनाई योग्यच, भराव घालून घरें उठविणारास ती अडवील. परंतु मनाईनें बांधाचें भगदाड बुजत नाहीं. अरण्यास हात न लावणें हें त्याचें रक्षण होऊं शकेल. खाजणास हात न लावला तर तें बुडतें. म्हणून रक्षणाचा खरा अधिकार दाराजवळ राहणारांकडे असला पाहिजे. पावणीचा पैसा गांवापुढें उघड मांडून प्रथम बांधास लावावा. मानस केव्हां उघडावी हें पेरणीपूर्वीं शेतकरी व मासळीवाले यांनीं एकत्र बसून ठरवावें. फुटलेल्या बांधाचा निकाल गांवींच तांतडीनें व्हावा. भरती दिवसांतून दोनदां येते. कचेरींतील कागदास तेवढी घाई नसते.

आपल्या कोकणांतही खाड्यांच्या कांठीं खारजमिनी आहेत, व त्यांच्या बांधबंदिस्तीसाठीं १९४८ सालीं मुंबई इलाख्यांत स्वतंत्र कायदा झाला होता. ज्यांचीं घरें त्या बाजूस आहेत, त्यांनीं यंदा गांवीं गेल्यावर आपला बांध कोणाच्या स्वाधीन आहे, एवढें तरी वडीलधाऱ्यांस विचारावें. आणि गोव्यास जाणारांनीं दर्शन आटोपून एक दुपार दिवाडसाठीं राखावी. ओहोटीची वेळ साधून मानशीजवळ जावें, व मुलांना हें दार दाखवावें.